प्लेगच्या सालचे पणजोबा

मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. "1967 च्या आधीचा एखादा पुरावा आणा, पणजोबांचा असला तर उत्तम," एवढंच सांगितलं होतं. एवढंच!

पणजोबा कधी जन्मले? आत्याला फोन लावला. "प्लेगच्या साली." आता प्लेग मुंबईत 1896 ला आला हे खरं, पण पुढे कितीतरी वर्षं तो गावोगाव मुक्कामाला येत-जात होता. रेकॉर्डरूममधल्या भाऊसाहेबांनी "साल?" विचारलं तेव्हा मी "1896 ते 1915 धरा," म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि रुमाल सोडायला घेतले. रुमाल म्हणजे जुन्या दप्तराचं फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्यातून आधी झुरळ बाहेर येतं, मग इतिहास.

इतिहास मोडीत होता, म्हणजे मोडी लिपीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्यांना अक्षरं लटकवत, शक्यतो हात न उचलता सुटायचं. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. माझी मुलगी अगदी असंच लिहिते, तिचे मात्र मार्क कापतात.

पानामागे पैसे घेणारे एक मोडीवाचक गाठले. तिसऱ्या दिवशी जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे तेव्हाच्या गाव नमुना 14 मध्ये, खापरपणजोबा सापडले : "राघू यास मुलगा जाहला." मुलाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाआधीच नोंद पडली असणार. पुढच्या पानांवर राघूला आणखी चार मुलगे जाहले. सगळे बिननावाचे.

"यातले तुमचे कुठले?" वाचकांनी विचारलं. भाजी निवडायला सांगावं तसं.

शेवटी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर कामी आलं. आमचे पणजोबा नारू राघू, जातीसकट. मी आनंदानं उडालोच. मग शेवटच्या रकान्यावर नजर गेली. इयत्ता पहिली. शाळा सोडल्याचे कारण : "सतत गैरहजर सबब नाव कमी."

आमच्या घरात तीन पिढ्या याच माणसाच्या नावानं बोलणी खातायत. मार्क कमी पडले की आबा, म्हणजे माझे वडील, सुरू व्हायचे, "माझे आजोबा शिक्षणासाठी रोज पाच मैल चालायचे!" शाळा आमच्या परड्यापासून चाळीस पावलांवर आहे.

उतारा आबांपुढे ठेवला. त्यांनी भिंग लावून तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "पाच मैल चालायचेच ते. कुठल्या दिशेनं, ते मला काय माहीत?"