राख, खिळा आणि आमची माती

परवा मी खाली गेलो असता दुसऱ्या मजल्यावरील काकांनी आपल्या घरच्या होमाची राख, गच्चीवर पसरलेल्या माझ्या मातीत प्लॅस्टिकचा कोपरा उचलून मोठ्या प्रेमाने ओतली, आणि मी वर येताच आभाराच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिले.

ती माती जुन्या कुंड्यांतली होती. कुंडीतली माती मरत नसते. तिच्यातले काही जळून जाते आणि काही साचत जाते, एवढेच. शेणखत, पालापाचोळा हे सारे नागपूरच्या ४५ अंशांपुढच्या उन्हाळ्यात भराभर कुजून संपते, म्हणून कुंडी वर्षभरात चार बोटे खाली बसते. याउलट बोअरच्या पाण्यातले क्षार आणि आपल्या काळ्या मातीतला चुना कुजून संपत नाहीत, साचत जातात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो त्यांचाच. तेव्हा जुन्या मातीतली मुळे काढावीत, भरपूर पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत, ओलसर माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवून सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म किडे) आणि मर रोगाची बुरशी कमी करावी, आणि मग दोन भाग मातीला एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत व मूठभर निंबोळी पेंड द्यावी. खत अर्धेकच्चे असले तर ते कुजवणारे जीवाणू झाडाच्या वाट्याचे नत्र आधी स्वतः खातात, हेही ध्यानात ठेवावे. एवढ्या साध्या कामासाठी मी भर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, गच्चीवर घाम गाळत होतो.

“एवढे शिकलेले तुम्ही भाऊ,” काका म्हणाले, “अन् मातीले पाणी पाजून वरून प्लॅस्टिक कायले पांघरून राहिले? मातीले थंडी वाजते काय जी?”

मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले की आपली माती आधीच अल्कधर्मी, सामू (म्हणजे पीएच, आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) साडेसात ते साडेआठ. राख तो आणखी वाढवते. काकांनी सामूला हाताने वारले. राख पवित्र असते, असे त्यांचे म्हणणे होते. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या जास्वंदीकडे गेली. तिची कोवळी पाने पिवळी पडली होती आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या.

“हिले काय झालं?”

“लोह मिळत नाही, काका.”

“मंग गंजका खिळा गाडा ना बाप्पा! देऊ काय आणून?”

“मातीत लोह भरपूर आहे. चुन्यामुळे ते झाडाला घेता येत नाही.”

काका क्षणभर गप्प झाले. मला वाटले, विषय संपला.

“म्हणजे ताटात वाढलं आहे अन् हे खाऊन नाही राहिली,” ते म्हणाले. “मंग मातीले कायले त्रास देता? झाडालेच समजवा ना.”

त्यानंतर अंड्यांची टरफले आली, म्हणजे पुन्हा चुनाच. त्यानंतर दुधासाखरेसकट चहाचा चोथा आला. आणि शेवटी, “आमच्या काळी माती अशीच उगवत होती,” हे वाक्य आले, ज्याला उत्तर नसते. देशभरातल्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरात मातीविषयी सल्ला देण्यासाठी फक्त जिना चढून येण्याची पात्रता लागते, याचा मला खरोखर राग येतो. हेच काका माझ्या स्कूटरच्या इंजिनात न विचारता तेल ओतणार नाहीत. माती मात्र फुकट मिळते, म्हणून ती सार्वजनिक! आणि ती फुकट तरी कुठे राहिली आहे? रोपवाटिकेत ‘तयार माती’ म्हणून जी पिशवी मिळते, तिच्यात बहुतेक कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच, निघते. कुंडीत ते हलके राहते, पाणी धरते, पण झाडाला खाऊ घालण्यासारखे त्यात फारसे काही नसते, आणि कुजून बसले की पुन्हा नवी पिशवी. जुनी माती सुधारणारा माणूस या साऱ्यांच्या दृष्टीने चिक्कू किंवा विक्षिप्त. सोसायटीच्या बैठकीत तर ‘गच्चीवरील मातीचा पसारा’ असा माझा उल्लेख झाला. राखेचा उल्लेख कोणी केला नाही.

मी वरची राख खरवडून काढली, उरलेली माती पुन्हा धुतली, पुन्हा झाकली. सामू उतरवण्यासाठी त्यात थोडे गंधकही मिसळायचे ठरवले आहे, पण ते फार सावकाश काम करते आणि चुनखडीच्या मातीत तर त्याहून सावकाश.

काल काकू आल्या. तुळशीची माती पार दगड झाली आहे, रोपे टिकत नाहीत, मागच्या हंगामातली तयार माती उरली असेल तर घमेलेभर द्याल काय, असे त्यांनी विचारले. “यांनी वर्षानुवर्षं होमाची राख घातली जी हिले,” त्या म्हणाल्या, “तरी काऊन जगत नाही, कोणास ठाऊक.”

माती दिली. घमेले अजून परत आलेले नाही.