"3000 किलो ओढतो, मग कसली चिंता?" पिकअप आणि ट्रेलरबद्दलच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

मिडसाइज पिकअपमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडू पाहणाऱ्यांच्या हाती हल्ली एकच सल्ला फिरून फिरून येतो. पिकअपची ओढण्याची क्षमता 3000 किलो आणि ट्रेलर 1600 किलोचा, मग बिनधास्त जोडा. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरा, म्हणजे पिकअपवर भार येत नाही. पिकअप मागून बसलाच तर मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग, म्हणजे हवेने फुगणारी पिशवी, टाका. एवढ्याशा ट्रेलरला वेगळे ब्रेक लागत नाहीत. ट्रेलर डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर दाबा, सरळ होतो.

यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं आहे.

"3000 ची क्षमता, 1600 चा ट्रेलर"

3000 हा आकडा खोटा नाही, पण तो जवळजवळ रिकाम्या पिकअपचा आहे. ओढण्याची क्षमता ठरवायच्या एसएई जे2807 या अमेरिकी चाचणीपद्धतीत प्रत्येकी 68 किलोची दोन माणसं आणि हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याचं, साहित्य धरतात. मागच्या सीटवरची मुलं, हौद्यातला जनरेटर, हौद्यावरची कॅनॉपी (छत) यातलं काही त्यात नसतं. ट्रेलरचे 1600 किलोही कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचेच. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो, दोन भरलेले गॅस सिलिंडर साधारण 35, बॅटरी 25, भांडीकुंडी, अंथरूण, खाणं आणि ताडपत्री मिळून 200. झाले 1960.

आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून पिकअपवर किती वजन चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. समजा 600 किलो. चार माणसं 260, हौद्यातलं सामान 100, हिचचं साहित्य 40, म्हणजे 400 गेले आणि उरले 200. ट्रेलरच्या वजनाच्या 12 टक्के भार हिचवर येतो असं धरलं, तर 1960 चे 235 होतात. ट्रेलर 3000 च्या दोन तृतीयांशही नाही, तरी पिकअप 35 किलोंनी ओव्हरलोड झाला. कॅनॉपी असेल तर आणखी. ओढण्याची क्षमता संपायच्या कितीतरी आधी पिकअपची वाहण्याची क्षमता संपते. मिडसाइज पिकअपचं खरं दुखणं हेच, आणि सल्ला देणारे नेमकं तेच वगळतात.

प्रवासाला निघताना जसं भरता तसं सगळं भरून वे-ब्रिजवर जा. पिकअपचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचा ॲक्सल अशी तीन वजनं वेगवेगळी घ्या. स्टिकरशी आणि मॅन्युअलमधल्या ॲक्सलच्या मर्यादांशी ताडून पाहा.

"सामान मागे भरा"

बैलगाडी मागे जड झाली की ती उलाळ झाली म्हणतात, जू वर उचललं जातं. ट्रेलरचंही तेच होतं, फक्त हिचने धरून ठेवल्यामुळे ते डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅव्हल ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर हवाच. त्याखाली गेला की ट्रेलरची शेपटी हलायला लागते.

मागे लावलेला सायकल रॅक घ्या. सायकलींसकट 60 किलो, ॲक्सलच्या अडीच मीटर मागे. ॲक्सलपासून बॉल (पिकअपवरचा हिचचा गोळा) 4 मीटर पुढे असेल तर हिचवरचा भार साडेसदतीस किलोंनी कमी होतो. आपल्या उदाहरणात 235 चे 197 उरतात आणि ट्रेलर मात्र 2020 किलोचा होतो. एका रॅकने 12 टक्क्यांवरून 10 च्या खाली आणलं! जड वस्तू खाली, ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे ठेवा. पिकअपवर भार जास्त होत असेल तर सामान मागे ढकलू नका, घरी ठेवा.

हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. एक भक्कम फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर टेकवा. विटेपासून 30 सेंटीमीटरवर कपलरखाली (ट्रेलरच्या दांडीचं बॉलवर बसणारं टोक) उभा पाइप ठेवा, तिथून काटा 60 सेंटीमीटर दूर हवा. फळी आणि पाइप ठेवून काटा शून्यावर आणा, मग ट्रेलरची दांडी पाइपवर उतरवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे हिचवरचा भार. ट्रेलर सपाट जमिनीवर हवा आणि चाकांना उट्या लावलेल्या हव्यात.

"मागे बसला तर एअरबॅग"

एअरबॅग मागची उंची परत आणते, पुढच्या चाकांवरचं वजन नाही. व्हीलबेस 3.2 मीटर आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल 1.2 मीटर मागे असेल, तर 235 किलोंच्या भाराने पुढच्या ॲक्सलवरचे 88 किलो उचलले जातात आणि मागच्यावर 323 वाढतात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. एअरबॅग फुगवल्यावर गाडी सरळ दिसते, म्हणून तर फसगत होते.

इथे काम करतो तो वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे ताणलेल्या बारांनी भार पुढच्या चाकांवरही वाटणारा हिच, पण मॅन्युअल परवानगी देत असेल तरच. पुढच्या मडगार्डच्या कडेची जमिनीपासून उंची मोजा. ट्रेलर नसताना 88 सेंटीमीटर आणि जोडल्यावर 91 भरली, तर बार ताणून ती 89.5 किंवा त्याखाली आणा, पण 88 च्या खाली नाही. या हिचने स्टिकरवरचे 600 चे 700 होत नाहीत.

"ब्रेक कशाला?"

युरोपात 750 किलोंच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक बंधनकारक आहेत. 2000 किलोचा पिकअप आणि तेवढाच ट्रेलर म्हणजे थांबवायची ऊर्जा दुप्पट, आणि ती सगळी पिकअपच्या चार चाकांवर टाकायची? इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर प्रपोर्शनल कंट्रोलर बसवा, म्हणजे पिकअप जितक्या जोरात थांबतो त्या प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लागतात. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबा. चाकं लॉक होत असतील तर गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) कमी करा, लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. भार बदलला की पुन्हा लावा.

ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबल पिकअपच्या पक्क्या हुकात अडकवा, साखळीला किंवा काढता येणाऱ्या बॉल माउंटला नाही. साखळ्या कपलरखाली एकमेकींवरून फुलीसारख्या न्या, म्हणजे कपलर निसटला तरी दांडी त्यांच्यावर झेलली जाते. लॅच लावल्यावर जॅकने दांडी वर घ्या. पिकअपचं मागचं अंग सोबत उचललं गेलं तरच कपलर बॉलवर बसला आहे.

"डोलला तर ॲक्सिलरेटर दाबा"

एका ठरावीक वेगाच्या वर ट्रेलरचे झोके आपोआप विरत नाहीत, वाढत जातात. त्यात वेग वाढवणं म्हणजे आगीत तेल. क्षणभर सरळ झाल्यासारखा वाटतो, पण पुढचा झोका आणखी मोठ्या वेगात येतो. पिकअपचा ब्रेकही जोरात दाबू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, झोक्याच्या उलट फिरवत बसू नका, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने हलकेच दाबा.

मग बाजूला थांबा आणि कारण शोधा. हिचवरचा भार कमी पडला का, मागच्या टाकीत पाणी भरलं का, ट्रेलरच्या टायरमध्ये हवा कमी आहे का, वेग किती होता. 90 वरून 110 वर गेलं की हवेचा रोध जवळपास दीडपट होतो, शिवाय ट्रेलरचे बरेच टायर ताशी 105 किलोमीटरपर्यंतच चालवायचे असतात. कारण सापडलं नाही तर पुढचा प्रवास 80 च्या खाली करा आणि पहिल्या वे-ब्रिजवर वळा.