हिरवळ कमी, सावली जास्त

नव्या सोसायटीच्या जाहिरातीत 'लँडस्केप गार्डन' दिसलं की आत काय असणार ते न बघता सांगता येतं. मेक्सिकन लॉन, चार फॉक्सटेल पाम, कडेने पिवळा ड्युरांटा आणि 'हिरवळीवर बसू नये' ही पाटी. एप्रिलात नळाला पाणी नाही म्हणून टँकर मागवायचा आणि त्यातलं थोडं लॉनला मारायचं! दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. बसणार कुठे, पामच्या सावलीत?

बाग त्या त्या हवेला धरून असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडात ऊन दुर्मीळ, पाऊस बारमाही; तिथे उघडी हिरवळ शोभते. इराणच्या कोरड्या मुलखात अप्रूप पाण्याचं, म्हणून पाटांनी चार भाग केलेली चारबाग. बीबी का मकबऱ्यापुढे तोच आराखडा दिसतो. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलंय. ते मूळ उद्यान १७०० साली पुरं झालं. ती बाग वाटेने फिरत बघायची, वळणावळणाला देखावा बदलतो. तिथे 'गवतावर जाऊ नका' म्हटलं तर मला पटतं. आमच्या अर्ध्या गुंठ्यात कसला देखावा?

आपल्याकडे घरामागे परसबाग असायची. मोरीचं पाणी पन्हळीतून आधी अळूत, तिथून केळीच्या बुंध्याशी, उरलंसुरलं कर्दळीला. कडेला शेवगा, कढीपत्ता, गवती चहा. पुढच्या अंगणात तुळस, तगर, जास्वंद, म्हणजे देवाची सोय. वेगळं पाणी घालायची वेळ क्वचितच यायची आणि डिझायनर तर कुणी ऐकलाही नव्हता.

बिल्डरची एक अडचण मात्र खरी आहे. बाग पार्किंगच्या स्लॅबवर असते, मातीचा थर जेमतेम दीड-दोन फूट. त्यात वड-आंबा कसा लावणार? मलबार हिलचं हँगिंग गार्डनही (१८८१) पाण्याच्या टाकीवरच आहे. झुडपं कातरून केलेले प्राणी तिथे छान दिसतात. पण राणीच्या बागेत जा. लोक पेंग्विन बघायला रांग लावतात, मी जुन्या झाडांखालच्या बाकावर बसतो. मे महिन्यातही तिथे दुपार काढता येते.

येत्या सभेत मी सुचवणार आहे: पूर्वेच्या भिंतीलगत खाली स्लॅब नाही, तेवढी पट्टी मोकळी करा. बकुळ, करंज, एखादा बहावा. मध्ये पोरांना खेळायला माती राहू दे. लॉन अर्ध्यावर आणलं तरी टँकरचा खर्च थोडा उतरेल.

'पानं पडतात, कचरा होतो' हा आक्षेप व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच येऊन बसलाय. ज्यांच्या सोसायटीत पालापाचोळ्याचा खड्डा व्यवस्थित चालतो, वास येत नाही, त्यांनी तो कसा केलाय ते खाली जरूर लिहा. फोटो असेल तर उत्तमच, सभेत दाखवायला होईल.