संगणकाने हळदीबद्दल असे काहीही ‘सिद्ध’ केलेले नाही

गेल्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या तळपायाची पट्टी सोडली, तेव्हा जखमेत हळद आणि तिळाच्या तेलाचा घट्ट लेप भरलेला होता, आणि डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या चार दिवसांपासून डब्यात तशाच पडून होत्या. आत्याला मधुमेह आहे. कारण विचारल्यावर तिने मोबाईल पुढे केला. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या मजकुराचा आशय असा : हळदीतील करक्युमिन औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचे कवच, म्हणजे बायोफिल्म, फोडून त्यांना मारते, हे संगणकाने सिद्ध केले आहे, त्या चाचणीत करक्युमिनला अँटिबायोटिकपेक्षा जास्त गुण पडले, हळदीच्या पेटंटवर अमेरिकाही हरली, म्हणून गोळ्या बंद करून जखमेत वर्धा जिल्ह्यातल्या वायगावची हळद भरावी, दोन दिवसांत ठणका थांबतो.

पेटंटचा मुद्दा आधी बाजूला करतो, कारण तो खरा आहे. जखमेवर हळद वापरण्याबद्दल मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळालेले अमेरिकी पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) आव्हान दिल्यावर १९९७ साली रद्द झाले. मात्र हा वापर नवा नाही, भारतात तो पूर्वापार आहे, एवढ्याच कारणाने ते रद्द झाले. हळदीने संसर्ग बरा होतो काय, हा त्या वादाचा प्रश्नच नव्हता. वायगावच्या हळदीचे भौगोलिक मानांकनही खरे आहे, पण ते शेतमालाचे आहे, औषधाचे नव्हे.

आता ‘संगणकाने सिद्ध केले’ याकडे येऊ. या पद्धतीला डॉकिंग म्हणतात. जिवाणूच्या एखाद्या प्रथिनाची त्रिमितीय रचना घ्यायची, त्यातील खाचेत वनस्पतीमधील रेणू निरनिराळ्या कोनांतून बसवून पाहायचा आणि तो किती घट्ट बसेल याचा अंदाज किलोकॅलरीत (प्रति मोल) मांडायचा, एवढेच काम डॉकिंगचा प्रोग्रॅम करतो; हा अंदाज म्हणजेच मजकुरातले ‘गुण’. हजारो रेणूंमधून प्रयोगशाळेत आधी कोणते तपासावेत हे ठरवण्यासाठी ही चाळणी उपयोगी आहे, याबद्दल वाद नाही. पण तो रेणू बायोफिल्मच्या चिकट थरातून आत जाईल काय, जिवाणूच्या बाह्य आवरणातून पार होईल काय, आणि झालाच तर जिवाणू त्याला पंपाने बाहेर फेकून देईल काय, यांतले काहीही त्या गुणांत मोजलेले नसते. ऑटोडॉक विना या अतिशय प्रचलित प्रोग्रॅमच्या निर्मात्यांनी २०१० साली स्वतःच त्याची प्रमाणित त्रुटी, म्हणजे अंदाज साधारण किती चुकू शकतो ते, सुमारे २.८५ किलोकॅलरी दिली आहे. मजकुरात करक्युमिन आणि अँटिबायोटिक यांच्या गुणांतल्या ज्या फरकावर एवढी आरोळी ठोकली आहे तो दीड किलोकॅलरीचाही नाही!

त्याहून हास्यास्पद आहे ती अँटिबायोटिकशी केलेली तुलना. मजकुरासोबतच्या चित्रात जखमांत संसर्ग करणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूचे लासआर हे प्रथिन दाखवले आहे आणि त्याच्या खाचेत करक्युमिन व सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आळीपाळीने बसवले आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनचे लक्ष्य लासआर नाहीच. जिवाणूचा डीएनए हाताळणारी गायरेजसारखी विकरे (एन्झाइम) ते अडवते. माझ्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपात नीट बसली नाही, यावरून ती किल्ली निकामी ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे. शिवाय लासआर हा जिवाणूंच्या आपसांतील रासायनिक संदेशवहनाचा भाग आहे. तो अडवला तर विषारी स्राव आणि बायोफिल्म कमी होऊ शकतात, पण जिवाणू त्याने मरत नाही. म्हणजे चित्र खरे मानले, तरी ‘जिवाणू मारते’ हे विधान त्यातून निघत नाही.

करक्युमिनचा इतिहासही पाठवणाऱ्यांनी पाहिलेला दिसत नाही. ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये २०१७ साली आलेल्या सविस्तर आढाव्यात रसायनशास्त्रज्ञांनी नोंदवले आहे की हा रेणू अस्थिर आहे, शरीरात जेमतेम शोषला जातो आणि अनेक प्रथिनांशी सरसकट अभिक्रिया करून, तसेच स्वतःच्या प्रकाशमानतेमुळे, चाचण्यांत फसवे निकाल देतो. १२०हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी अंध, प्लासिबो-नियंत्रित (म्हणजे कोणाला औषध आणि कोणाला नकली गोळी मिळाली हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसलेली) अशी एकही यशस्वी ठरली नाही, असे तो आढावा स्पष्टपणे म्हणतो.

वनस्पतींतून औषध मिळतच नाही असे मी म्हणत नाही; मलेरियावरचे आर्टेमिसिनिन मिळाले, आणि लसणातील अजोइन स्यूडोमोनासचे संदेशवहन रोखते हे प्रयोगशाळेत दिसलेही आहे. मधुमेहातल्या प्रत्येक जखमेला अँटिबायोटिक लागत नाही, हेही मान्य. संसर्ग नसेल तर ते देऊ नये. पण आत्याच्या जखमेत संसर्ग होता, म्हणूनच गोळ्या दिल्या होत्या.

‘दोन दिवसांत ठणका थांबतो’ हे वाक्य तर सर्वांत घातक आहे. मधुमेहात पायाच्या नसांची संवेदना जाऊ शकते. जखम हाडापर्यंत गेली तरी अनेकांना ठणका लागतच नाही. आत्याही “दुखत नाही ना, म्हणजे भरून येते आहे,” असेच म्हणत होती. त्यात हळदीच्या पिवळ्या रंगाखाली भोवतालची लाली, पू आणि काळवंडलेली कड दिसेनाशी झाली होती. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला तो लेप धुऊन काढायलाच बराच वेळ लागला, आणि त्याखालचे मृत ऊतक कापून काढावे लागले. बायोफिल्म धरलेल्या जखमेत हेच काम आधी करावे लागते, आणि ते लेप करत नाही.

मधुमेही रुग्णांच्या संसर्ग झालेल्या जखमांवर एका गटाला हळद आणि दुसऱ्याला अँटिबायोटिक देऊन केलेली, हळद सरस ठरवणारी नीट चाचणी ग्रुपमधल्या कोणाकडे असेल, तर त्यांनी ती पाठवावी. मी स्वतः ती आत्याला वाचून दाखवीन. तोवर तिच्या गोळ्या रोज सकाळ-संध्याकाळ मीच मोजून देणार आहे.