गुणिले पासष्ट

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा तोच वाद पेटला. आतेभावाने लिहिलं, पुण्यात हल्ली महिना लाख रुपये आले तरी हातात काही उरत नाही. त्याच्या बायकोने फ्लॅटचा हप्ता, शाळेची फी, पेट्रोल असा पाढा वाचला. मोठ्या काकांनी, अपेक्षेप्रमाणे, आम्ही अडीच हजारांत संसार केला वगैरे सुरू केलं. इथवर ठीक होतं, मी कुकर लावता लावता वाचत होते. मग काकांनी लिहिलं, "त्यापेक्षा सिंगापूर गाठ. आपली पोर बघ. एकटा जीव, पगार डॉलरमध्ये. गुणिले पासष्ट करून बघ." ही पोर म्हणजे मी. खाली सात अंगठे उमटले. सातवा माझ्या आईचा.

त्या 'गुणिले पासष्ट'ने माझं डोकं फिरलं. आमच्याकडे हे गणित कायम अर्धंच करतात. सिंगापूरचा एक डॉलर म्हणजे पासष्ट रुपये असं धरून पगाराला गुणायचं आणि खर्च तसाच सोडून द्यायचा. भाडं ११०० डॉलर म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात ते अकराशे रुपयांसारखंच शिरतं. आणि 'एकटा जीव' हा तर शुद्ध भ्रम. एकट्याला स्वस्त पडतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा अर्धा कोबी विकत मागून बघावा. वायफाय, पंखा, कुकर, दाराचं कुलूप, यातलं काहीही माणूस निम्मं झालं म्हणून निम्म्यात मिळत नाही.

अर्थात आले तेव्हा मीही काही फार शहाणी नव्हते. ऑगस्ट २०२३ मध्ये डॉलर साठ-एकसष्टच्या घरात होता आणि मी दिसेल त्याला साठने गुणत होते. म्हणजे काकांच्या बरोब्बर उलट: खर्चाचे रुपये करायचे आणि पगार विसरायचा. इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये, म्हणजे इथल्या साध्या खाण्याच्या गाळ्यांत, भात, दोन भाज्या आणि एक अंडं ३.८० डॉलर. मनात लगेच २२८ रुपये! कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, १.४० म्हणजे ८४. मग मी पाव आणि पीनट बटरवर दिवस काढायचे आणि ऑफिसात सांगायचे, उपास आहे. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. इतके उपास माझ्या आजीनेही केले नसतील. साडेचार किलो वजन उतरल्यावर टीममधल्या मलेशियन मुलीने एका दुपारी जागा धरायला माझ्यासमोरच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट आपटलं, "कमावतेस इथे तर जेवही इथल्याच पैशांत," म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. त्या दिवशी मी मासा घेतला. किती झाले ते गुणलं नाही. रात्री मात्र गुणलंच.

येताना किती पैसे जवळ असावेत हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. पहिली खोली सेंगकांग या उपनगरात, ९५० डॉलरची. एका महिन्याचं भाडं आगाऊ, एका महिन्याचं डिपॉझिट, एजंटला अर्ध्या महिन्याचं, आणि वर्षभराच्या भाड्यावर ०.४ टक्के स्टॅम्प ड्यूटी, ती झाली ४५. खोलीत उशी टाकायच्या आधीच २४२० डॉलर गेले, आणि उशी वेगळी. पगार महिन्याच्या शेवटी. पगार झाला की वाटतं, वा, सगळाच्या सगळा हातात! ते तर त्याहून वाईट, कारण इथे दरमहा कर कापत नाहीत. पुढच्या वर्षी बिल येतं. बारा हप्ते करून मिळतात हे खरं, पण हप्ते भरायलाही पैसे शिल्लक ठेवलेले असावे लागतात. मी ठेवले नव्हते. तो करविभागाचा गोड भाषेतला ईमेल मी अजून जपून ठेवला आहे.

खोलीच्या जाहिरातीत 'लाइट कुकिंग' असं लिहिलं होतं. मला वाटलं, तेल कमी. तसं नसतं. पाणी उकळा, अंडी उकडा, नूडल्स करा, बस. घरमालकीण आंटी सत्तरीची, स्वच्छ, घड्याळ लावल्यासारखी. एसी रात्री ९ ते सकाळी ७, कपड्यांचं मशीन बुधवार-रविवार. एका शनिवारी ती लेकीकडे राहायला गेली आणि मला राहवलं नाही. टेक्काहून, म्हणजे लिटल इंडियातल्या बाजारातून, आणलेला कढीपत्ता होता. तेल, मोहरी, हिंग, लसूण. मोहरी तडतडली तेव्हा मला चक्क रडू आलं. आंटी मुक्काम न करता परत आली. काही बोलली नाही. एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बाहेर बांबूवर वाळत घातलेले स्वतःचे कपडे उचलून आपल्या खोलीत नेले. ते कपडे नेणं मला लागलं. सकाळी ओट्यावर माझ्यासाठी अंडी उकडायचं एक नवीन छोटं मशीन ठेवलेलं होतं. राग धरायचा की आभार मानायचे, ते मला आजही कळलेलं नाही.

करार संपल्यावर मी दुसरी खोली घेतली. हीच, ११०० ची. आकाराने तेवढीच, स्टेशनपासून चार मिनिटं जास्त लांब, पण स्वयंपाकाला पूर्ण मुभा. माझ्या हिशेबाच्या शीटमध्ये भाड्याची ओळ अजूनही ९५० चीच आहे. तिच्याखाली वेगळी ओळ आहे: फोडणी, १५०.

खोली शोधताना अमक्या देशाच्या लोकांनी फोन करू नये, अशा छापाच्या जाहिराती मीही वाचल्या. त्याबद्दल इथल्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्यावरून ग्रुपवर कुणी मला "बघा, शेवटी परकेच" असं ऐकवायला लागलं की मला पुण्यातले दिवस आठवतात. तिथे मी मराठी, आडनाव मराठी, पगार बरा, तरी सोसायटीला एकटी मुलगी नको होती. एका एजंटने तर मी लग्न कधी करणार ते लेखी मागितलं होतं. आंटीने मोहरीला हरकत घेतली, माझ्या लग्नाला नाही.

आता आतेभावाचे ते लाख रुपये. त्याला पैसे पुरत नाहीत हे मला पटतं, काकांना पटत नाही. पण तो ज्यांना महागाई म्हणतो त्यातला अर्धा खर्च, शहराने करायची कामं आपल्या खिशातून करण्याचा आहे. दोन गाड्या, कारण बसचा भरवसा नाही. टँकर, कारण नळाला पाणी नाही. प्युरिफायर, कारण आलं तर पिण्याजोगं नाही. इन्व्हर्टर. मी इथे नळाचं पाणी पिते. रात्री उशिरा स्टेशनवरून चालत घरी येते. गाडी घ्यायचा विचारही मनात येत नाही, कारण गाडीच्या आधी ती दहा वर्षं ठेवायचा नुसता परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि त्याचाच भाव लाख डॉलरच्या आसपास असतो. गुणा की काका पासष्टने! गाडी नाही म्हणून माझं काही अडत नाही. या बेटावर खायच्या वस्तूंपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेरून येतात, तरी कॉफीशॉपमधलं जेवण परवडतं. मग चहूकडून पिकणाऱ्या आपल्या जिल्ह्यात टोमॅटोवरून घरोघरी भांडणं का होतात?

हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं होतं. पाठवण्याआधी वाचलं आणि जाणवलं की मी 'आमच्याकडे' हा शब्द दोनदा वापरलाय. एकदा सिंगापूरसाठी.

ते खोडलं. कारण हे शहर ज्यांच्यासाठी बांधलंय त्यांच्यात मी नाही. इथले बहुतेक लोक सरकारी घरांत राहतात आणि त्यांची ती स्वतःची असतात, मी त्यातल्या एका खोलीची भाडेकरू. त्यांच्या पगारात कंपनी भविष्यासाठी भर घालते, परदेशी माणसाला ती सोय नाही. सरकारी दवाखान्यातली सवलत माझ्यासाठी नाही. तापाला मी ६२ डॉलर मोजले. दाढेचं काम निघालं तेव्हा विमानाचं तिकीट काढून कऱ्हाडला जाऊन केलं आणि तरी ते स्वस्त पडलं. आणि नोकरी गेली तर इथे राहायचा नोकरीचा पास रद्द होतो, मग सामान बांधायला साधारण तीस दिवस. म्हणून माझ्या शीटमधली सगळ्यात वरची ओळ भाड्याची नाही. 'परतीचे' अशी आहे. तीन महिन्यांचा खर्च आणि एक तिकीट, त्याला हात लावायचा नाही. काकांच्या गुणाकारात ही ओळ कुठे बसते?

महागड्या बेटावर एकट्याने राहायला जाणारी आमच्या घरातली मी पहिली नव्हे. वडील १९७४ मध्ये पाटण तालुक्यातून मुंबईला गेले. तेही बेटच, निदान भूगोलाच्या पुस्तकात. लालबागला गिरणीत लागले, राहायला गावकीची खोली, जेवायला खानावळ. १९८० मध्ये लग्न ठरलं तेव्हा 'मुलाची मुंबईत खोली आहे' असं आईच्या माहेरी सांगितलं होतं. आईने ती खोली एकदाच पाहिली. भिंतीला लावलेल्या वीस ट्रंका, एक नळ, आणि रात्रपाळी करून आलेले झोपलेले म्हणून सगळे कुजबुजत बोलत होते. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, तशी खोलीही. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. त्या पावसाळ्यात वडील गावी परतले ते कायमचे.

त्यांच्या खिशातल्या डायऱ्या अजून आहेत. खानावळ, खोली, घरी पाठवले, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ: किरकोळ. कधी नऊ रुपये, कधी अकरा. लहानपणी मी विचारलं होतं, किरकोळ म्हणजे काय? म्हणाले, किरकोळ म्हणजे किरकोळ. बिडी नाही, दारू नाही, मग काय ते आईलाही माहीत नव्हतं. मी इकडे यायला निघाले त्याच्या आदल्या रात्री त्यांनी आपण होऊन सांगितलं. शनिवारी संध्याकाळी परळच्या एसटी डेपोत जाऊन बसायचे. पाटणची गाडी लागली की उतरणाऱ्यांत कुणी ओळखीचं दिसतंय का बघायचं. दिसलं तर त्याला चहा पाजायचा आणि पाऊस किती झाला ते विचारायचं. नाही दिसलं तर ड्रायव्हरला पाजायचा.

माझ्याकडे दोन शीट आहेत. एक खरी, एक घरच्यांसाठी. घरच्या शीटमध्ये भाडं ७०० आहे, कारण ११०० आईला झोपू देणार नाही. पगारही कमी आहे, कारण खरा आकडा काकांना झोपू देणार नाही. पाव-पीनट बटरचे महिने त्यात 'जेवण – मेस' असे आहेत. मेस नावाची वस्तू मी इथे पाहिलेली नाही.

दाढेसाठी गेले होते तेव्हा आईबरोबर भाजीला गेले. मेथीची जुडी तीस रुपये. मी तीस काढून दिले आणि पुढे चालू लागले. आई तिथेच थांबली. "आता घासाघीस करायची लाज वाटते का?" लाज नव्हती. मनात नकळत तीस भागिले पासष्ट झालं होतं, अर्धा डॉलरसुद्धा नाही, आणि अर्ध्या डॉलरसाठी कोण भांडतं. मग आईनेच ती जुडी वीसला केली, उरलेले दहा माझ्या हातावर ठेवले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. इथे परतल्यावर पहिल्याच रविवारी टेक्काला मेथी घेताना मी पुन्हा गुणत होते. म्हणजे इथे गुणते आणि तिथे भागते. ज्या गावात नुसता भाव ऐकून नुसते पैसे देते असं गाव सध्या माझ्याकडे नाही.

काकांना मी उत्तर दिलं नाही. परवा रात्री आतेभावाचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "ताई, तिकडच्या एका कंपनीशी बोलणं चाललंय. हिला आणि पोराला सध्या इथेच ठेवीन. एकट्याला महिन्याला खरंच किती लागतील? काकांना सांगू नकोस."

मी त्याला खरी शीट पाठवली. परतीचे, भाडं, फोडणी, जेवण, वाणसामान, मेट्रो, फोन, कराचे बाजूला, घरी पाठवायचे, सगळं. दहा मिनिटं मेसेजखालच्या टिक निळ्या होऊन नुसत्या पडून होत्या. गुणत असणार.

मग त्याने विचारलं, फोडणी कळली, हसलो, पण शेवटची ओळ काय आहे? किरकोळ, ९०.

रविवारी मी टेक्काला जाते. भाजी अर्ध्या तासात होते. मग जवळच्या एका उडप्याकडे चहा घेऊन बसते. शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं तर दुसरा सांगते. त्यांच्याशी बोलतेच असं नाही.

त्याला लिहिलं, किरकोळ म्हणजे किरकोळ.