पहिलं कुंकू आईला लावीन
हेरवाडबद्दल वाचलं, नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये केला, मग सरकारने पण परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. पण आमच्या नागपुरात काय सुरू आहे? बाबा गेले तेव्हा आईच्या बांगड्या घरातल्या बायकांनीच फोडल्या, काच लागली तिच्या हाताला, मी तिथंच उभी होती अन् काहीच बोलली नाही, ते अजून डोक्यातून जात नाही. संक्रांतीला शेजारच्या काकू मला वाण देऊन जातात अन् आई आतल्या खोलीत बसून राहते. याच शहरात 1942 साली दलित बायकांनी परिषद भरवून घटस्फोटाचा हक्क मागितला होता! यंदा हळदीकुंकू माझ्या घरी आहे, पहिलं कुंकू आईलाच लावीन, पटत नसेल त्यांनी नका येऊ.