'पाडव्याच्या नादात घर अडकवलं' या तक्रारीला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की दिवाळीनंतर आईचं घर विकायला दिलं, एजंटनं जानेवारीतलं गिऱ्हाईक घालवलं, गुढीपाडव्यापर्यंत थांबवलं, रंग मारू दिला नाही, उलट इंजिनिअरवर खर्च करायला लावला. शेवटी भर उन्हाळ्यात बोअर आटल्यावर भाव पडला आणि वर दोन टक्के कमिशन घेतलं. मी फाइल काढून सगळ्या तारखा परत पाहिल्या. बोअरच्या बाबतीत चूक माझीच आहे, म्हणून ती आधी सांगतो.

लातुरात घर बघायला आलेला माणूस आधी नळ सोडून बघतो. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, तो उन्हाळा ज्यांनी इथं काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्या भागातले बोअर होळीनंतर खाली जातात हे मला ठाऊक होतं. तरी मी पाडवा ते अक्षय्य तृतीया हाच हंगाम धरून बसलो. त्यातही अकरावीसाठी मुलांना लातुरात आणणारे बीड, नांदेड, परभणीकडचे आईवडील मे महिन्यात घरं शोधतात, म्हणून गर्दी तेव्हाच होईल हा माझा हिशेब. गर्दी झालीही. पण त्यांनी मोटर लावली आणि वीस मिनिटांत पाईप हवा ओढायला लागला. नंतर कितीही समजावलं तरी समोरच्याच्या डोक्यातून ते जात नाही.

उन्हाळ्यात पाणी कमी पडतं हे लपवून हिवाळ्यात घर विकावं, असं माझं म्हणणं नाही. तसं मी कुणाचंच केलेलं नाही. पण पौष-माघात घर दाखवलं असतं, वर 'मे महिन्यात मोटर इतकीच चालते, टँकर इतके लागतात' हे कागदावर लिहून दिलं असतं, तर घेणाऱ्यानं वर्षभराचं पाणी डोळ्यासमोर ठेवून भाव ठरवला असता. मे महिन्यात त्यानं फक्त कोरडा पाईप पाहिला. गच्चीचं पावसाचं पाणी बोअरला सोडायची पाईपलाइनही पावसाळ्याआधी करून घ्यायला हवी, हे मी काकूंना, म्हणजे तुमच्या आईंना, नोव्हेंबरातच सुचवायला हवं होतं, म्हणजे निदान ती दाखवता तरी आली असती. नाही सुचवलं. त्याबद्दल तुमची आणि काकूंची माफी मागतो.

आता जानेवारीतल्या गिऱ्हाइकाचं. ते गृहस्थ खरंच घ्यायला तयार होते, पण बँकेच्या कर्जावर. बँकेच्या वकिलानं सातबारा पाहिला तर नाव तुमच्या वडिलांचंच. वारस नोंदीचा अर्ज द्या, तिन्ही भावंडांच्या सह्या लागतील, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. अर्ज गेला डिसेंबरच्या शेवटी. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस काढावीच लागते, त्यात आईंच्या नावाची दुरुस्ती निघाली, आणि नोंद मंजूर होईपर्यंत फेब्रुवारी संपला. तोवर त्या गृहस्थांनी औसा रोडला दुसरं घर घेतलं. १ एप्रिलला रेडीरेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर, बदलू शकतो म्हणून मार्चात रजिस्ट्री उरकायची पुष्कळांना घाई असते. पण कागद तयार असतील तरच त्या घाईचा विकणाऱ्याला उपयोग. इथं मी मुद्दाम उशीर केला असं तुम्ही लिहिलंत, ते मात्र मला मान्य नाही.

रंगाचंही तसंच. तुमच्या मागच्या खोलीत भिंतीला तिरक्या भेगा होत्या. आपली काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते आणि घराच्या भिंतींना ओढ बसते. अशा भेगांवर पुट्टी-रंग फिरवला की पाडव्याला घर लखलखीत दिसतं खरं, पण वर्षभरात भेग परत उघडते. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या जिल्ह्यानं पाहिली तिथं भेग बघून माणूस दारातूनच मागं फिरतो. आणि रंगाखाली झाकलेली भेग नंतर सापडली तर तो तुमच्या आईंच्या दारात येऊन भांडतो. इंजिनिअरनं तपासून कॉलम-बीम ठीक आहेत, भेगा विटकामापुरत्याच आहेत असं लिहून दिलं. तो कागद वाचूनच शेवटचं गिऱ्हाईक टिकलं. तो खर्च आजही मी करायलाच सांगेन.

कमिशन ठरल्याप्रमाणेच घेतलं, पावती तुमच्याकडं आहे. तरी पाण्याच्या बाबतीत माझ्या अंदाजानं तुमचं नुकसान झालं, त्यामुळं निम्मी रक्कम मी परत करतोय. बोअरचा प्रश्न आता आमच्या पहिल्याच भेटीच्या कागदावर घेतलाय: खोली किती, मे महिन्यात मोटर किती वेळ चालते, टँकर कधीपासून लागतो. ज्याचा बोअर कच्चा त्याचं घर संक्रांतीच्या आत दाखवायला काढायचं, आणि त्यासाठी वारस नोंदीचा अर्ज दसऱ्यालाच द्यायचा.

चेक काकूंच्या नावानं तयार आहे. त्या आता तुमच्याकडं राहतात असं कळलं. रविवारी सकाळी घरी असाल तर मी स्वतः आणून देतो, नसाल तर सोयीची वेळ कळवा.